रोलचा कॅमेरा आणि पेटीतले फोटो

गुलमंडी तुम्हाला वेगळी सांगायला नको. लग्नाचा बस्ता असो, दिवाळीची साडी असो की गटाच्या शिलाईकामासाठी अस्तर आणि धागे, शहरात उतरलं की पैठण गेटवरून आपले पाय तिकडेच वळतात. हल्ली त्या गर्दीत अधूनमधून एखादं पोरगं नाहीतर पोरगी गळ्यात जुना, जड, रोलचा कॅमेरा अडकवून फिरताना दिसते. खिशात मोबाईल असतो, तरी फोटो काढायचा त्या जुन्या डब्यानं. रोल संपला की धुवायला टाकायचा आणि मग आठदहा जणांनी एकत्र बसून एकमेकांचे फोटो बघायचे, अशी त्यांची हौस. आमच्या गटातल्या बायांना आधी हसूच आलं. फुकटात निघणाऱ्या फोटोला पैसे कशाला घालवायचे? त्यातल्या एका पोरीला आम्ही विचारलंच. ती म्हणाली, एका रोलमध्ये छत्तीसच फोटो असतात, म्हणून बटण दाबण्याआधी समोरच्या माणसाकडे नीट बघावं लागतं.

तेव्हापासून आमच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. ही हौस किती जुनी? आणि त्यात आपण बाया कुठे होतो?

हौस चांगली एकशे सत्तर वर्षांची निघाली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. इंग्रज अधिकारी आणि व्यापारी त्यात होतेच, पण आपलेही लोक होते. प्रसिद्ध डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्यातले एक. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथं शिकले आणि त्यांनी मुंबईत फोटोचा धंदाच सुरू केला. तेव्हा रोल नव्हता बरं का. काचेवर रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो काढायचा आणि वाळायच्या आत अंधारात नेऊन धुवायचा, असा सगळा उटारेटा.

या हौशी लोकांनी आपापले फोटो एकमेकांपर्यंत पोचवायची एक नामी युक्ती काढली. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या दोघांनी १८५६ ते १८५८ या काळात ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ या नावाचं मासिकच चालवलं. एकूण २४ अंक, प्रत्येक अंकात तीन फोटो. छापखान्यात फोटो छापायची सोय त्या काळी नव्हती. त्यामुळे खऱ्या फोटोच्या कॉप्या काढायच्या आणि एकेक कॉपी हाताने पानावर चिकटवायची. आपल्या गटाच्या पापडासारखंच, मोजून मापून हातकाम.

याच जॉन्सननी पुढे मुंबईतल्या लोकांवर फोटोंचं दोन खंडांचं पुस्तक काढलं, १८६३ आणि १८६६ मध्ये. लोकांचा फोटो एकीकडे काढायचा, मागचा देखावा दुसरीकडचा, आणि दोन्ही जोडून एक चित्र करायचं, असं त्यात बरंच आहे. माणसं मांडली आहेत ती जातीजमातीप्रमाणे. अमक्या जातीच्या स्त्रिया, तमक्या जमातीचे पुरुष. साडी कशी नेसली, दागिना कुठला घातला, सगळं नीट दिसतं. पण ती बाई कोण, तिला घरी कोणत्या नावाने हाक मारत, ते मात्र नाही.

आता मुंबईतून आपल्या जिल्ह्यात येऊ. अजिंठ्याच्या लेण्यांमधल्या चित्रांच्या नकला करायला ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला १८४४ साली नेमलं. कित्येक वर्षं खपून त्यांनी मोठमोठी तैलचित्रं केली आणि ती लंडनला गेली. १८६६ च्या डिसेंबरात तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि बहुतेक चित्रं जळून खाक झाली. एकेकच प्रत होती, गेली ती गेलीच. पण मधल्या काळात गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता. त्यांनी काढलेल्या लेण्यांच्या फोटोंचं पुस्तक १८६४ मध्येच लंडनला निघालं होतं. फोटोच्या कॉप्या अनेक घरांत पोचल्या होत्या, म्हणून त्या आजही बघायला मिळतात. आम्हाला या सगळ्या इतिहासातली सर्वांत कामाची गोष्ट हीच वाटते.

गिल यांच्याबरोबर राहिलेली पारो तुम्हाला माहीत असेल. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ काव्यामुळे आणि पुढे सिनेमामुळे ती घरोघरी पोचली. २३ मे १८५६ रोजी ती गेली. तिची कबर अजिंठा गावात आहे आणि त्यावर तिचं नाव कोरलेलं आहे. दगडावर नाव राहिलं म्हणून आपण आज तिच्याविषयी बोलू शकतो.

आपला मुलूख तेव्हा निजामाचा, अगदी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारचे फोटोग्राफर होते लाला दीनदयाळ. वेरूळ, दौलताबाद आणि बिबी का मकबरा यांचे त्यांनी काढलेले फोटो अजून जपून ठेवलेले आहेत. पण आम्हाला त्यांचं वेगळंच काम महत्त्वाचं वाटतं. पडद्यातल्या बायांनी परक्या पुरुषासमोर फोटोला कसं बसायचं? म्हणून १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादला खास बायांसाठी जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत सगळ्या बायाच. केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई तो चालवायच्या आणि त्यांच्या हाताखाली इथल्याच बाया होत्या. म्हणजे आपल्या देशातल्या बायांचे हात सव्वाशे वर्षांपूर्वीच या कामाला लागले होते. मडमेचं नाव इतिहासात आलं. हाताखालच्या बायांचं आलं नाही.

नंतर काचा गेल्या, रोल आले, स्वस्त कॅमेरे आले. अमेरिकेत १९०० साली कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा एका डॉलरला मिळू लागला. आपल्याकडे पुढे आग्फाचा क्लिक थ्री आला, एका रोलमध्ये बारा फोटो. उटीला १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना निघाला, त्याच्या फिल्मचं नाव ‘इंदू’. शेजारणीला हाक मारावी तसं! कॅमेरा असा घरात आला खरा, पण तो असायचा मामाच्या नाहीतर भाऊजींच्या हातात. रोल महाग, बाईच्या हातून वाया जाईल ही भीती. बाईच्या हातात कॅमेरा आला तरी नाव मिळेलच असं नव्हतं. होमाई व्यारावाला या देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावाने. १५ ऑगस्ट १९४७ चे फोटो काढणाऱ्या या बाईंना पद्मविभूषण मिळायला २०११ साल उजाडलं.

खेड्यातल्या बाईला मात्र फोटो म्हणजे स्टुडिओ, आणि तोही कधीतरी लग्नकार्याला. आमच्या एका सदस्येने सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीतला एक फोटो गटाच्या बैठकीत आणला. तळहाताएवढा, काळापांढरा, कडा नागमोडी कापलेल्या. नऊवारीतल्या तिघी, डोक्यावर पदर, मागे रंगवलेल्या पडद्यावर जिना आणि फुलदाणी. दोघी खुर्चीत, एक उभी. उभीच्या पायात चपला नाहीत. मागच्या बाजूला पुसट निळा शिक्का, त्यात ‘गुलमंडी, औरंगाबाद’ एवढंच वाचता येतं. फोटोवाल्याचा पत्ता आहे, बायांपैकी एकीचंही नाव नाही.

गावातल्या ऐंशी पार केलेल्या आजींना दाखवला. त्यांना एका डोळ्यानंच थोडंफार दिसतं. दाराशी उजेडात बसून त्यांनी खुर्चीतल्या दोघी पटकन ओळखल्या, एक त्यांची सासू, दुसरी मावशी. उभी कोण ते काही केल्या आठवेना. तिसऱ्या बैठकीला त्या आपणहून म्हणाल्या, “अगं, ती तर आमच्या शेतावर कामाला यायची. बस्त्याची गाठोडी उचलायला सोबत नेली होती. तिघी बऱ्या दिसतील म्हणून फोटोवाल्यानंच तिला बोलावून उभी केली.” आणि नाव सांगितलं. त्या बाईची नात शेजारच्या वस्तीवरच्या गटात आहे. तिच्या घरात आजीचा एकही फोटो नव्हता. आम्ही शहरातून कॉपी काढून आणली आणि दोन्ही फोटोंच्या मागे तिघींची नावं लिहिली. आधी कोणाचं लिहायचं यावर थोडी कुरबुर झाली, तेही सांगून टाकतो. शेवटी डावीकडून उजवीकडे लिहिली.

तेव्हापासून दर महिन्याला हप्ते गोळा झाले की अर्धा तास फोटोंसाठी ठेवतो. तुमच्या गटात करणार असाल तर थोडं सांभाळून. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, जोर न देता लिहायचं. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. गुळगुळीत रंगीत फोटोवर पेन्सिल चालत नाही, तो पाकिटात घालून पाकिटावर लिहा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. उजेडात धरून आधी काचेवरूनच मोबाईलमध्ये घ्या. पेटीत डांबरगोळ्या असतील तर फोटो दुसरीकडे हलवा. आणि रंगीत रोलच्या त्या तपकिरी पट्ट्या, ज्यात आपण सगळ्या भुतासारख्या दिसतो, त्या निगेटिव्ह कचऱ्यात टाकू नका. मूळ फोटो खराब झाला तरी त्यावरून नवी कॉपी निघते. आमच्या एका मैत्रिणीने पोराला ग्रहण बघायला दिल्या होत्या. डोळ्यांनाही धोका आणि पट्ट्यांवरही ओरखडे.

पुढच्या बैठकीला आम्ही लग्नातले मोठे फोटो घेणार आहोत, मांडवात पंगतीला वाढणाऱ्या बाया ज्यात मागे उभ्या दिसतात ते. तुमच्याकडे असतील तर गावातल्या जुन्या बायांना बैठकीला जरूर बोलवा, आणि त्यांचा चष्मा सोबत आणायला सांगा.