सुतकातली बाळंतीण

काकू गेली त्या संध्याकाळी भोपाळच्या आमच्या जुन्या शेजारणीचा फोन आला. म्हटलं, "सध्या घरात सुतक आहे." पलीकडून हरखलेला प्रश्न, "अरे वा! मुलगा की मुलगी?"

राग यायला हवा होता. पण शब्दांची खोड असलेल्याचे कान शोकातही टवकारतात. तिच्या घरी जन्माचं ते सूतक आणि मृत्यूचं पातक. चूक तिची नव्हतीच. 'सू' म्हणजे प्रसवणं. प्रसूती, सूतिका त्याच धातूच्या लेकी. मनुस्मृतीच्या 5व्या अध्यायातही सूतक जन्माचं आहे, मृत्यूचं ते शावाशौच. मग आपण हा बाळंतिणीचा शब्द तिरडीमागे कसा धाडला?

सोपं उत्तर असं, की जन्माची जागा 'सोयर'ने बळकावली आणि सुतकाला पलीकडे सरकावं लागलं. सोयर म्हणजे माझ्या मते सूतिकागृहच, तोंडातोंडी झिजून सोहेर, सोयर झालेलं. कुणी तिचं नातं सोयऱ्याशी जुळवतात. पण सोयर लागते भाऊबंदांना, सोयरे तर त्यातून मोकळे! मात्र सोप्या उत्तरातही खोट आहे. बाळंतिणीच्या खोलीला हिंदीतही सौर म्हणतात, तरी शेजारणीकडचं सूतक जन्मापाशीच राहिलं ना?

मला संशय आपल्या जिभेचा आहे. मराठी माणूस अशुभाचं नाव घेत नाही. आपली बांगडी फुटत नाही, वाढते. कुंकू वाढतं, रात्री दुकान वाढवतात, निघालेला पाहुणा 'येतो' म्हणतो. मरणाच्या घराला जन्माचा शब्द देणं याच चालीचं. यावर धर्मशास्त्राचे इतिहासकार पा. वा. काणे आडवे येतात. स्मृतिग्रंथांतच सूतक तीन अर्थांनी येतं, असं ते दाखवतात: नुसता जन्म, जन्म-मृत्यू दोन्ही, नुसता मृत्यू. म्हणजे घोळ शास्त्रकारांनीच घालून ठेवलेला. असेना! तिन्हींतून आपल्या रोजच्या बोलण्याने नेमका तिसराच उचलला, तो या 'वाढवण्या'च्या सवयीने, हा माझा हट्ट कायम आहे.

'सोयरसुतक' या जोडशब्दात मात्र दोघं अजून शेजारी नांदतात. ना जन्माचा विटाळ, ना मरणाचा, म्हणजे संबंधच नाही.

काकूला मूल नव्हतं. वाड्यातल्या कुणाच्याही पोराची फी आणि कुणाच्याही बाळंतिणीचे डिंकाचे लाडू तिच्या पदरचे. शास्त्राने दहा दिवस आम्हा भाऊबंदांचे. पण कोपऱ्यावरच्या भाजीवालीनेही देवापुढे दिवा लावला नव्हता. तिच्या लेकीच्या दोन्ही बाळंतपणांना काकूचे डबे गेले होते. अकराव्या दिवशी सकाळी ती दारात येऊन उभी राहिली, उंबऱ्याच्या बाहेरच.

"दादा, माझंबी फिटलं न्हवं आता?"