ग्वाल्हेरचे लष्कर आणि स्त्रीधन

शिंद्यांच्या कवायती पलटणी म्हटल्या म्हणजे द बॉयन आणि पेराँ ही नावे ओठांवर येतात. त्या फौजेच्या छावणीत स्त्रियाही राबत होत्या, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. पुढे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्यापाशी स्थिरावली आणि तिचेच 'लष्कर' हे शहर झाले.

ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ साली या छावणीत होता. त्याच्या पत्रांत जोरावरसिंग या नावाने, पुरुषवेषात शिपाईगिरी करणारी एक तरुणी भेटते. कर्जापायी भोपाळात कैदेत पडलेल्या भावाला सोडविण्यासाठी ती चाकरी करीत होती.

याच छावणीची स्वामिनी म्हणजे कागलकर घाटग्यांची कन्या बायजाबाई. १७९८ साली पुण्यास तिचा दौलतरावांशी विवाह झाला. १८२७ साली वैधव्य आल्यावर तिने दत्तक घेऊन राज्य चालविले. सावकारी व्यवहारात ती मुरलेली होती. काशीस ज्ञानवापीवरील स्तंभमंडप तिने १८२८ साली बांधविला. यात्रेकरूला तिची ओळख पटते ती या पुण्यकृत्याने. परंतु दान देण्यास आधी धन आपले असावे लागते, हे आम्हांस विशेष वाटते.

१८३३ साली दत्तकपुत्राशी बेबनाव होऊन तिला ग्वाल्हेर सोडावे लागले. १८३५ साली फत्तेगडच्या मुक्कामी फॅनी पार्क्स ही इंग्रज स्त्री तिला भेटली. दोघींचे बोलणे विवाहित स्त्रीच्या कायदेशीर स्थितीवर आले, तेव्हा इंग्लंडचा कायदा पत्नीस पतीची दासी बनवितो, अशी कबुली पार्क्सबाईंनी दिली. ते खरेच होते. तेथे पत्नीची जंगम मिळकत विवाहाबरोबर पतीची होई. हे बंधन पुरतेपणी सुटले ते १८८२ च्या कायद्याने. फ्रान्समध्येही १८०४ च्या संहितेनुसार व्यवहारासाठी पत्नीस पतीची संमती लागे. आमच्या स्मृतिकारांनी मात्र सौदायिक स्त्रीधनावर स्त्रीची स्वतंत्र सत्ता मानली होती.

एवढ्याने आपण कृतार्थ होऊ नये. वारसाने आलेल्या मिळकतीवर हिंदु विधवेचा हक्क मर्यादितच राहिला. पूर्ण स्वामित्व तिला १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार अधिनियमाने दिले. बायजाबाई १८६३ साली वारली. देवालयाच्या शिलेवर एखाद्या स्त्रीचे नाव वाचताना तिच्या भक्तीबरोबर तिच्या हक्काचेही स्मरण व्हावे, एवढेच आमचे सांगणे आहे.