द्यूताला पडलेली मर्यादा

पोकर या पत्त्यांच्या खेळाला स्पर्धेचें रूप कसें आलें, हा इतिहास बोधप्रद आहे. १९७० सालीं अमेरिकेंतील लास व्हेगास येथें बेनी बिनियन यांच्या हॉर्सशू कॅसिनोंत नामांकित खेळाडू जमले. परंतु जॉनी मॉस यांस विजेतेपद मिळालें तें खेळाडूंच्या मतांनीं. पुढच्याच वर्षीं नियम बदलला. प्रत्येकानें ५,००० डॉलर भरावे, सर्वांना सारख्या चकत्या मिळाव्या, त्या संपतांच उठावें, शेवटीं उरेल तो विजयी. याहि कसोटीस मॉसच उतरले.

श्रोतेहो, या नियमाचें मर्म हानीच्या मर्यादेंत आहे. धर्मराजाच्या द्यूतांत पणाला सीमा नव्हती. म्हणून राज्य गेलें, बंधु गेले, द्रौपदीहि पणास लागली. येथें मात्र प्रवेशमूल्य गेलें कीं खेळ संपला. म्हणूनच अल्प मूल्याच्या स्पर्धांत सामान्य माणूसहि बसूं लागला. २००३ सालीं ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस इंटरनेटवरील अशाच एका स्पर्धेंतून लास व्हेगासला पोंचला आणि ८३९ खेळाडूंत पहिला येऊन २५ लाख डॉलरांचा धनी झाला.

ही कथा सर्वांस ठाऊक असते; उठून गेलेल्या ८३८ जणांची कोणी सांगत नाहीं. नियम एका डावाला मर्यादा घालतो. रोज नवें मूल्य भरणाऱ्यानें ती स्वतःच घालावयाची असते.