गाऊट : दुखणे थांबले, पण साठा गेला का?

पायाचा अंगठा लालबुंद सुजतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही आणि आठ-दहा दिवसांत सगळे पूर्ववत होते. मग तुमच्या मनात येते, आता दुखत नाही तर रोज गोळी कशाला? या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी दिसायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला.

गाऊटमध्ये युरिक अ‍ॅसिडच्या क्षाराचे, म्हणजे युरेटचे, सुईसारखे स्फटिक सांध्यात साठतात. १८४८ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी रुग्णांच्या रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलेले दाखवले. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. पण साध्या एक्स-रेत दिसते ती हाडाला पडलेली खाच, तीही बहुधा आजार जुना झाल्यावर. १९६१ मध्ये अमेरिकेत मॅकार्टी आणि हॉलँडर यांनी सांध्यातले पाणी पोलराइज्ड प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून स्फटिक ओळखले. निदान पक्के झाले. पण थेंबभर पाण्यावरून एकूण साठा कसा कळणार? त्यामुळे औषधांच्या चाचण्यांत रक्तातले युरिक अ‍ॅसिड, झटक्यांची संख्या आणि त्वचेखालच्या गाठी एवढेच मोजले जाई.

गेल्या वीसेक वर्षांत हे बदलले. सोनोग्राफीत कूर्चेवरचा स्फटिकांचा थर जादा रेघेसारखा दिसतो. ड्युअल एनर्जी सीटी दोन वेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी कॅल्शियम आणि युरेट यांतला फरक ओळखते, युरेट बहुधा हिरव्या रंगात दाखवते आणि त्याचे घनफळही मोजते. झटका ओसरल्यावरही साठा सांध्यात असतो, हे त्यात स्पष्ट दिसते. अर्थात सुरुवातीचा लहान साठा सुटू शकतो आणि नखांजवळ खोटा हिरवा रंगही उमटतो.

या मोजमापाने डॉक्टरांचे अंदाजही तपासले. न्यूझीलंडमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत (२०२२) हाडे झिजलेल्या रुग्णांमध्ये युरिक अ‍ॅसिड नेहमीपेक्षा खूपच खाली आणून पाहिले. औषधे जास्त लागली, पण सीटीवर हाडांच्या झिजेत काही जादा फायदा दिसला नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. प्रत्येकाला स्कॅनची गरज नसते. रक्तातले युरिक अ‍ॅसिड साधारणपणे ६ मिलिग्रॅमच्या खाली राहिले, तर साठा हळूहळू विरघळतो. त्याला महिने, कधी वर्षेही लागतात. म्हणून दुखणे थांबले तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका.