ऑक्सिजन रिक्तता व विकृती (ऑक्साइडांच्या पृष्ठभागालगत)

धातूच्या ऑक्साइडाच्या स्फटिकजालकात ऑक्सिजनची एखादी जागा मोकळी राहिली, की तिला ऑक्सिजन रिक्तता म्हणतात. जालक ताणले वा दाबले गेले, म्हणजेच त्यात विकृती आली, की अशी जागा तयार होण्यास लागणारी ऊर्जा बदलते. याचे बरेच अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणजे मोटारींचा धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकांत वापरले जाणारे सीरियम डायऑक्साइड, अर्थात सीरिया.

सीरियातून ऑक्सिजन निघून गेला की दोन इलेक्ट्रॉन मागे उरतात. ते सहसा दोन सीरियम आयनांवर स्थिरावतात. या आयनांचा भार +४ वरून +३ होतो आणि त्रिज्या ०.९७ वरून सुमारे १.१४ अँगस्ट्रॉम होते. त्यामुळे अणू कमी होऊनही जालक आकसत नाही, उलट फुगते. आधीच ताणलेल्या जालकात या फुगण्याला वाव मिळतो, म्हणून तिथे रिक्ततेला कमी ऊर्जा लागते. दाबलेल्या जालकात जास्त.

पृष्ठभागावर रिक्तता तयार होणे मुळातच सोपे असते. गाभ्यातील ऑक्सिजनला चार सीरियम शेजारी असतात, (१११) पृष्ठभागाच्या (कंसातील अंक स्फटिकातील प्रतलाची दिशा दाखवतात) वरच्या थरात तीनच. तरीही रिक्तता सर्वांत वरच बसते असे नाही. सीरियाच्या (१११) आणि ॲनाटेज या टायटॅनियम डायऑक्साइडच्या रूपाच्या (१०१) पृष्ठभागांवर तिला लगतच्या खालच्या जागा अधिक मानवतात. त्याच्याच रूटाइल या दुसऱ्या रूपाच्या (११०) पृष्ठभागावर मात्र ती वर डोकावणाऱ्या ऑक्सिजनांच्या रांगेतच आढळते. सीरियात वर-खालच्या जागांतील ऊर्जाफरक लहान असल्याने विकृतीमुळे ही पसंती बदलू शकते, असे संगणकीय आकडेमोड दाखवते.

प्रयोगात विकृती आणण्यासाठी पातळ थर वेगळ्या जालक-अंतराच्या आधारावर वाढवतात. सीरियाचे जालक-अंतर ५.४१ अँगस्ट्रॉम, यिट्रियामिश्रित झिर्कोनियाचे सुमारे ५.१४, म्हणजे त्यावर सीरिया जवळपास ५% दाबला जायला हवा. प्रत्यक्षात थर जाड होऊ लागला की सीमेवर विस्थापने (जालकाच्या रांगांतील दोष) तयार होऊन बराचसा दाब निघून जातो.

खरी अडचण मात्र पुढची. रिक्ततांनीही जालक फुगत असल्यामुळे मोजलेले वाढीव अंतर हे रिक्ततांचे कारण की परिणाम, हे केवळ क्ष-किरण मापनावरून ठरत नाही. ऑक्सिजन आयन रिक्ततांमधून सरकत असल्याने विकृतीचा परिणाम वाहकतेवरूनही जोखतात; तिथेही अशीच सावधगिरी लागते. झिर्कोनिया व स्ट्रॉन्शियम टायटेनेट यांच्या एकाआड एक थरांत आयन-वाहकता कोट्यवधी पटींनी वाढल्याचा दावा २००८ मध्ये झाला. वाहकता प्रामुख्याने टायटेनेटमधील इलेक्ट्रॉनांची असावी, असा आक्षेप लगेचच घेतला गेला.