चेहरा परत मिळाला, घासाचे काय? जबड्याच्या पुनर्बांधणीचा इतिहास

१/ पहिल्या महायुद्धात खंदकांनी सैनिकाचे धड झाकले, डोके मात्र उघडे राहिले. तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी हजारोंचे चेहरे फोडले. त्या चेहऱ्यांची छायाचित्रे आपण पाहिली असतील. त्या माणसांच्या पुढ्यातील ताटाकडे मात्र क्वचितच कोणी पाहिले.

२/ खालच्या जबड्याचा मधला भाग उडाला, की उरलेली टोके स्नायूंच्या ओढीने आत सरकतात. जखम भरताना व्रण आकसतो आणि ती तेथेच जखडली जातात. मग वरचे दात खालच्या दातांवर बसत नाहीत. माणूस वाचतो, पण त्याच्या नशिबी पातळ अन्नच येते.

३/ येथे दंतवैद्यांचे ज्ञान कामी आले. ऑटोमन साम्राज्यात जन्मलेले आर्मेनियन वाराझ्ताद काझांजियन अमेरिकेत प्रथम तारेच्या कारखान्यात राबले, पुढे हार्वर्डमधून दंतवैद्य झाले. १९१५ साली ते फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात दाखल झाले. तारेवर बसलेला हात आता जबडे बांधू लागला.

४/ पद्धतीचे मर्म क्रमात होते. आधी दात तारांनी बांधून हाडाचे तुकडे मूळ जागी धरायचे, मग मांस व त्वचा सांधायची, त्यानंतर बरगडीचे किंवा कमरेचे हाड बसवायचे आणि शेवटी कवळी. इंग्लंडमध्ये सिडकप येथे १९१७ साली उघडलेल्या रुग्णालयातही शल्यविशारद हॅरल्ड गिलीझ आणि दंतशल्यविशारद केल्सी फ्राय खांद्याला खांदा लावून काम करीत.

५/ तरीही नव्या हाडावर कवळी ठरेना. तिला धरून ठेवणारा हिरडीचा उंचवटाच उरलेला नसे. १९६५ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात उभारले. हाड या धातूशी एकजीव होते, हे त्यांना सशांवरील प्रयोगांत आढळले होते.

६/ १९८९ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी पायाचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून, जागोजागी छेद देऊन जबड्याच्या आकारात वळवण्याची पद्धत मांडली. त्या जिवंत हाडातही असे स्क्रू रुजतात.

७/ आज आपल्याकडे जबडा गमावण्यामागे बहुधा तोफगोळा नसतो. तंबाखूने दिलेला तोंडाचा कर्करोग असतो. हाड बसते, चेहरा सावरतो. पण खर्चापायी दातांचा टप्पा अनेकांच्या बाबतीत राहूनच जातो. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या रुग्णालयांचा धडा साधा आहे: भाकरीचा तुकडा चावता येईपर्यंत उपचार अपुराच असतो.