द्विधातुक उत्प्रेरक : एका संज्ञेचा आणि शोधाचा इतिहास

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ हे नाव ज्वारीच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. तेथील संशोधन केंद्रात १९३० नंतरच्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा रब्बी वाण सिद्ध करण्यात आला. धान्याबरोबरच कडब्यासाठीही हा वाण नावाजला गेला. पुढे ह्याच तालुक्यात ऊस वाढला; टाकळी सिकंदर येथे भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि कडब्याच्या गंजींच्या जोडीला चिपाडाचे ढीगही दिसू लागले. कारखान्यात ह्या चिपाडास ‘बगॅस’ म्हणतात. कडबा आणि चिपाड ह्या दोहोंच्या धाग्यांत शर्करा बांधलेल्या असतात. कोरड्या चिपाडाचा सुमारे चतुर्थांश भाग हेमिसेल्युलोजाचा असून, त्यापासून झायलोज ही शर्करा मिळते. तिचे निकेलच्या साहाय्याने हायड्रोजनीकरण केले असता झायलिटॉल तयार होते. झायलिटॉल, सॉर्बिटॉल, ग्लिसरॉल अशा पदार्थांपासून उपयुक्त रसायने घडविण्याच्या प्रयत्नांत एकट्या धातूऐवजी धातूंची जोडी कशी पुढे आली, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रारंभी संज्ञांचा विचार करणे इष्ट ठरेल. स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेस वेग देणाऱ्या पदार्थांच्या ह्या व्यापारास स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस ह्याने १८३६ साली ‘कॅटॅलिसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक धातूचा अर्थ ‘सोडविणे, सैल करणे’ असा आहे. आपल्या ‘उत्प्रेरण’ ह्या शब्दात मात्र ‘ईर्’ धातूमुळे चालना देण्याचा, ढकलण्याचा भाव आला. पुढील इतिहास पाहता ग्रीक कल्पनाच वस्तुस्थितीला अधिक जवळची वाटते. कारण ह्या क्षेत्रात कोणता बंध सैल करावा आणि कोणता करू नये, हाच खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न ऐरणीवर आला तो वनस्पतींमुळे नव्हे, तर खनिज तेलामुळे. अमेरिकेतील एसो कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन सिनफेल्ट ह्यांनी १९६० नंतर धातूंच्या जोड्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. निकेल व तांबे ह्यांच्या जोडीविषयीचा त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७२ सालचा निबंध ह्या विषयात मूलभूत मानला जातो. निकेलमध्ये थोडेसे तांबे मिसळताच इथेनमधील कार्बन-कार्बन बंध तोडण्याची त्याची शक्ती शेकडो पटींनी घटली; परंतु सायक्लोहेक्झेनमधून हायड्रोजन काढून घेण्याची शक्ती जवळजवळ अबाधित राहिली. दुसरा धातू येथे साहाय्यक म्हणून आलेला नाही. पहिल्याचा एक हात बांधून दुसरा मोकळा ठेवणे, हे त्याचे कार्य आहे.

अशा जोडीस ‘मिश्रधातू’ म्हणावे काय? पितळ व कांसे ह्यांच्या परिचयामुळे तो शब्द मराठीत सहज सुचतो. परंतु सिनफेल्ट ह्यांनी त्याचा इंग्रजी प्रतिशब्द बुद्धिपुरस्सर टाळला. रुथेनियम आणि तांबे एकत्र वितळविले तरी एकजीव होत नाहीत; तथापि वाहक पदार्थावर पसरलेल्या अतिसूक्ष्म कणांत तेच धातू परस्परांस चिकटून राहतात. म्हणून त्यांनी ‘द्विधातुक समूह’ अशा अर्थाची संज्ञा योजिली. मराठीतही ‘द्विधातुक’ हाच शब्द योग्य होय. घरगुती दृष्टांतच हवा असेल, तर तो पितळेचा न घेता कल्हईचा घ्यावा. भांडे तांब्याचे, पण अन्नाला स्पर्श कथलाचा. उत्प्रेरणातही सारा व्यवहार पृष्ठभागावरच चालतो. (दृष्टांत येथेच संपतो, कल्हई तांब्याला पूर्ण झाकते, तर उत्प्रेरकात दोन्ही धातू उघडे असावे लागतात.)

योगायोगाने हेच कथील वनस्पतिज पदार्थांच्या क्षेत्रातही उपयोगी पडले. सॉर्बिटॉल, ग्लिसरॉल इत्यादींच्या जलीय द्रावणांपासून हायड्रोजन मिळविताना निकेल बराचसा भाग मिथेनमध्ये घालवीत असे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स ड्युमेसिक व त्यांचे सहकारी ह्यांनी २००३ साली निकेलला कथलाची जोड देऊन ही गळती रोखली आणि महाग प्लॅटिनमला एक स्वस्त पर्याय दाखविला.

महाराष्ट्रात ह्या परंपरेचे केंद्र १९५० साली पुणे येथे सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा हे होय. तेथे चंद्रशेखर रोडे व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१० साली तांबे व ॲल्युमिनिअम ह्यांचा सूक्ष्मकणरूप उत्प्रेरक वापरून ग्लिसरॉलपासून प्रॉपिलीन ग्लायकॉल मिळविल्याचे प्रसिद्ध केले. ह्यात ॲल्युमिनिअम धातुरूपाने नसून संयुगाच्या रूपाने आहे. त्यामुळे काटेकोर अर्थाने ह्या उत्प्रेरकास ‘द्विधातुक’ म्हणता येणार नाही. नावात दोन धातू दिसले म्हणजे पृष्ठभागावरही दोन असतातच असे नाही, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

खऱ्या अर्थाने द्विधातुक म्हणता येईल असे कार्य ह्याच प्रयोगशाळेत दीर्घकाळ संशोधन केलेल्या रघुनाथ चौधरी ह्यांच्या पुढील कारकिर्दीत, अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात घडले. २०१३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राफीनच्या पापुद्र्यांवर तांब्याचे असे कण घडविले की, त्यांचा सर्वाधिक क्रियाशील पृष्ठच बाहेर राहावा. त्यांवर ग्लिसरॉल, झायलिटॉल व सॉर्बिटॉल ह्यांपासून मुख्यत्वे लॅक्टिक आम्ल मिळाले. त्यात पॅलेडियमचा अत्यल्प अंश घालताच निराळाच प्रकार दिसून आला : मूळ पदार्थांतूनच सुटलेला हायड्रोजन त्याच पात्रात पुढील क्रियेस कामी येऊ लागला आणि उत्प्रेरकाचे आयुष्यही वाढले. सिनफेल्ट ह्यांच्या जोडीत दुसऱ्या धातूने पहिल्यास आवरले. येथे दोघांनी कामे वाटून घेतली. एकाच ‘द्विधातुक’ शब्दाखाली हे दोन वेगळे व्यवहार वावरतात, आणि ते न ओळखल्याने पाठ्यपुस्तकांत बराच गोंधळ माजतो.

मोहोळच्या दृष्टीने ह्यातील महत्त्वाचे नाव झायलिटॉलचे, कारण त्याचा उगम चिपाडात आहे. परंतु संशोधनपत्रांत ज्यास सर्रास ‘टाकाऊ वनस्पतिद्रव्य’ म्हटले जाते, ते येथे टाकाऊ नाही. कडबा शेकडा पेंढ्यांच्या भावाने विकला जातो आणि अवर्षणाच्या वर्षी गुरांचा जीव त्यावरच तगतो. चिपाड कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळते; त्याच्याच वाफेवर रस आटतो. त्यातील झायलोज काढून घेतले तर उरलेल्या चोथ्याने तेवढीच वाफ मिळणार नाही, आणि ती तूट दुसऱ्या इंधनाने भरावी लागेल. शिवाय चौधरी ह्यांच्या प्रयोगांत वापरलेले पदार्थ आधीच वेगळे केलेले होते. चिपाडाच्या काढ्यात आम्ले, क्षार आणि लिग्निनचे अवशेष शर्करेसोबत येतात. अशा काढ्यात तांबे-पॅलेडियमची जोडी किती दिवस टिकते, ह्यावरच टाकळी सिकंदरच्या चिपाडाने बॉयलरची वाट सोडावी की नाही हे ठरेल.